झांजिबारचा सोनारा



भाषेचा अभ्यास करणाऱ्याला परक्या मुलखात आपल्या घरचा शब्द भेटला म्हणजे होणारा आनंद दूरगावी जुना शेजारी भेटल्याच्या आनंदाहून कमी नसतो. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर स्वाहिली नावाची भाषा बोलतात. त्या भाषेत सोन्याला ‘धहाबू’ म्हणतात आणि चांदीला ‘फेधा’. हे दोन्ही शब्द अरबीतून आलेले. परंतु या सोन्याचांदीचे दागिने घडविणाऱ्या कारागिराला मात्र स्वाहिलीत म्हणतात ‘सोनारा’. धातूंची नावे अरबस्तानातून आली आणि कारागिराचे नाव हिंदुस्थानातून गेले. तेथील स्त्रिया हातात घालतात ती ‘बंगिली’, म्हणजे आपली बांगडीच. सोनारा बसतो ते ‘दुका’, तेथे मोजावयाचा तो ‘पेसा’. गाडीला ‘गारी’, धोब्याला ‘दोबी’, विम्याला ‘बिमा’, लाखाला ‘लाकी’, आणि जेवणात तोंडी लावावयास ‘कचुंबारी’! यांतील काही शब्दांचे मूळ फारसीपर्यंत पोहोचते हे खरे; पण त्या किनाऱ्यावर ते रुजले त्यात आपल्याकडील व्यापाऱ्यांचा आणि कारागिरांचा वाटा मोठा आहे.

शब्द असे सहज कोणी घेत नाही. ज्याच्याशी नित्य व्यवहार पडतो त्याचाच शब्द माणूस उचलतो. तेव्हा हा ‘सोनारा’ त्या समाजाच्या जीवनात कोठवर शिरला होता आणि कोठे अडला होता, याचा विचार या महिन्याच्या सदरात करावा असे मनात आहे. आपण सारे महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले लोक. बडोदे असो, इंदूर-ग्वाल्हेर असो, बेळगाव असो की हैदराबाद, दुसऱ्याच्या भाषेत आपला संसार थाटण्याचा अनुभव आपणांस नवा नाही. त्यामुळे ही कथा दूरच्या बेटाची असली तरी आपल्याला परकी वाटू नये.

झांजिबार हे आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून जवळच असलेले बेट. दार-एस-सलामहून बोटीने निघाले म्हणजे सुमारे दोन तासांत तेथे पोहोचता येते. माझे मेहुणे काही वर्षे नोकरीनिमित्त दार-एस-सलामला होते, त्यांच्याकडे गेलो असताना हा प्रवास घडला. बंदराला लागूनच जुने शहर आहे. इंग्रजीत त्याला स्टोन टाउन म्हणतात आणि स्वाहिलीत ‘म्जी म्कोंग्वे’, म्हणजे जुने गाव. प्रवाळाच्या दगडाची आणि चुन्याची दोन-तीन मजली घरे, आणि त्यांच्यामधून वाकत वळत जाणाऱ्या इतक्या अरुंद गल्ल्या की समोरून हातगाडी आली तर आपण भिंतीला पाठ लावून उभे राहावे. लाकडी कोरीव दरवाजे हे या गावाचे वैभव. त्यांतील पुष्कळ दरवाजे गुजराती धाटणीचे असून त्यांवर पितळेचे टोकदार गोळे ठोकलेले असतात. हिंदुस्थानात हत्तीने धडक देऊ नये म्हणून वाड्यांच्या दारांना खिळे मारीत, त्याची ही आठवण, असे सांगतात. त्या बेटावर हत्ती नाही. परंतु माणूस गाव सोडतो तेव्हा दारही मनात घेऊन जातो.

या घरांच्या भिंतींना लागून दगडी ओटे बांधलेले असतात. त्यांस ‘बराझा’ म्हणतात. संध्याकाळ झाली की माणसे बराझावर येऊन बसतात, कॉफी पितात, गावाच्या गोष्टी करतात. विशेष असे की, स्वाहिलीत सभेला आणि विधिमंडळालाही बराझा हाच शब्द आहे. ओट्यावर बसून चार माणसांनी बोलणे आणि राज्य चालविणे या दोन्ही गोष्टींना एकच नाव देणारी भाषा शहाणी म्हटली पाहिजे.

किल्ल्यामागच्या भागात फिरताना एका गल्लीत मला सोनाराचे दुकान दिसले. रुंदी फार तर आठ-नऊ फूट. पुढे काचेचा फळा, मागे तिजोरी, भिंतीवर लक्ष्मीची तसबीर आणि तिच्या शेजारी हिजरी महिन्यांचे कॅलेंडर. मालक पंचाहत्तरीच्या घरातले, कच्छी सोनी. मी बडोद्याचा, गुजरातीत नमस्कार केला, तशी म्हातारबुवांची चर्या उजळली. “बेसो, साहेब,” म्हणून त्यांनी स्टूल पुढे केले. मी त्यांना काका म्हणू लागलो. पुढचे दोन दिवस सकाळ-संध्याकाळ मी त्या स्टुलावर होतो.

दुकानाच्या मागील अंगाला त्यांचे काम करण्याचे बसके मेज होते. ऐरण, हातोड्या, चिमटे, तार ओढण्याची भोके पाडलेली पोलादी पट्टी, मूस, फुंकणी. आपल्या सोनाराकडे पाहतो तीच सारी हत्यारे. कसोटीचा काळा दगड त्यांच्या वडिलांच्या वेळचा होता. दगडावर परीक्षा करावयाच्या सोन्याची रेघ ओढायची, शेजारी कस माहीत असलेल्या सोन्याची रेघ ओढायची, आणि दोन्हींवरून तेजाब फिरवायचे. हिणकस सोन्याची रेघ विटते, चोख सोन्याची टिकते. हल्ली ही परीक्षा क्षणात करणारी यंत्रे निघाली आहेत. परंतु गिऱ्हाइकाला दगडावरची रेघ स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येते आणि यंत्रावरचा आकडा मात्र मानून घ्यावा लागतो, असे काकांचे म्हणणे.

पहिल्याच दिवशी एक वृद्ध स्वाहिली बाई आल्या. पदराच्या गाठीतून त्यांनी एक जाड बांगडी काढली. काकांच्या वडिलांनीच ती पूर्वी घडविलेली. आता ती मोडून दोन नातींसाठी दोन हलक्या बांगड्या करावयाच्या होत्या. काकांनी बांगडी काट्यावर ठेवली. बाई बाहेरच्या मांजराकडे पाहत होत्या. काका थांबले आणि त्यांना काट्याकडे पाहण्यास सांगू लागले. बाई हसून म्हणाल्या की, आता या वयात मी काय पाहू, तुम्ही आहात ना. तरी काका ऐकेनात. बाईंनी काट्याकडे पाहिले, वजन मोठ्याने म्हटले, तेव्हाच वहीत नोंद झाली. मग वितळताना घट किती येईल, डाक किती लागेल, घडणावळ किती होईल, हे सारे बोटांवर मोजून सांगितले. बाई गेल्यावर मी म्हटले, “काका, त्यांचा तर तुमच्यावर पूर्ण विश्वास दिसतो.” ते म्हणाले, “म्हणून तर काटा दाखवायचा. विश्वास नसेल तो आपणहून पाहतोच.”

मुसलमानी विवाहात वराने वधूस द्यावयाचा मेहेर वधूच्या मालकीचा होतो. स्वाहिलीत त्याला ‘महारी’ म्हणतात. त्या जोडीने जे सोने अंगावर येते ते त्या स्त्रीचे अडीअडचणीचे बळ असते. आपल्याकडील स्त्रीधनाची कल्पना फार वेगळी नाही. लवंगेचा हंगाम चांगला गेला की घरात एखादा दागिना येतो, हंगाम बुडाला की तोच मोडावा लागतो, असे काका सांगत होते. म्हणजे सोनाराच्या वहीत साऱ्या गावाची सुखदुःखे तोळ्या-गुंजांत लिहिलेली असतात. कोणाच्या घरी लग्न ठरले हे त्याला आधी कळते, आणि कोणाचे घर बसले हेही आधी त्यालाच कळते.

आता हा सोनारा तेथे गेला कसा, ते पाहू. वर्षातील काही महिने ईशान्येकडून वारे वाहतात, त्यांस तेथे ‘कास्काझी’ म्हणतात. कच्छ-काठेवाडची गलबते या वाऱ्यावर आफ्रिकेला जात, आणि नैर्ऋत्येचा ‘कूसी’ सुरू झाला की परत फिरत. असे हे जाणे-येणे शतकानुशतके चालू होते. पुढे ओमानचा सुलतान सय्यद सैद याने इ. स. १८४० च्या सुमारास आपली राजधानीच मस्कतहून झांजिबारला हलविली, आणि बेटाचे नशीब पालटले. लवंगेचे मळे वाढले, हस्तिदंताचा व्यापार वाढला. मुंद्र्याहून आलेल्या जयराम शिवजी यांच्या पेढीकडे बंदराच्या जकातीचा मक्ता अनेक वर्षे होता. पुढे तो मक्ता सांभाळणारे थारिया तोपण यांनी व्हिक्टोरिया राणीच्या १८८७ च्या ज्युबिलीनिमित्त बांधावयास घेतलेली दवाखान्याची नक्षीदार इमारत आजही बंदरासमोर उभी आहे. व्यापारी गेले त्यांच्यामागून शिंपी, सुतार, सोनार गेले. गोव्याची ख्रिस्ती मंडळी गेली. त्यांत शिंपी होते, वादक होते, छायाचित्रकार होते. पारशी गेले. पुढे जगप्रसिद्ध झालेला गायक फ्रेडी मर्क्युरी याच बेटावर १९४६ साली एका पारशी घरात जन्मला आणि शिक्षणासाठी आपल्या पाचगणीस आला होता. सुलतान बर्घाश तर गादीवर येण्यापूर्वी हद्दपारीत काही काळ मुंबईत राहिलेला. बेटावर कित्येक वर्षे आपला रुपया चालत असे. तेथील रुपयाची जागा शिलिंगने घेतली ती १९३६ च्या आरंभी. काकांच्या आजोबांच्या वह्या रुपयांतच आहेत.

या वैभवाची दुसरी बाजू सांगितली नाही तर ते अर्धसत्य होईल. लवंगेचे मळे गुलामांच्या श्रमावर उभे होते. झांजिबारचा गुलामांचा बाजार १८७३ साली बंद झाला आणि गुलामगिरीची कायदेशीर मान्यता संपली ती १८९७ साली. मळे अरबांचे होते, पण त्यांना लागणारे भांडवल बऱ्याच अंशी हिंदी पेढ्यांचे होते. ब्रिटिश प्रजाजन असलेल्या हिंदी लोकांच्या घरीही गुलाम होते. रिग्बी नावाच्या ब्रिटिश वकिलाने १८६० साली त्यांना मुक्त करावयास लाविले. त्या काळाच्या अर्थव्यवहारात हात अगदी कोरडे राहिलेला माणूस शोधणे कठीण.

कर्जाचा हा धागा पुढेही तुटला नाही. मळेवाले हिंदी सावकारांच्या ऋणात बुडत गेले, तेव्हा १९३४ साली सरकारने हिंदी लोकांच्या जमीनखरेदीवर आणि लवंगेच्या व्यापारावर निर्बंध घालणारे कायदे केले. त्याच्या निषेधार्थ १९३७ साली राष्ट्रसभेच्या पाठिंब्याने हिंदुस्थानात झांजिबारच्या लवंगेवर बहिष्कार पुकारण्यात आला. झांजिबारच्या लवंगेचे मोठे गिऱ्हाईक म्हणजे हिंदुस्थान. तेव्हा दुसऱ्याच वर्षी तडजोड करावी लागली. आपल्या मसाल्याच्या डब्यातील एवढीशी लवंग, पण तिच्यात एका बेटाचे राजकारण सामावलेले होते.

जुन्या शहराच्या पूर्वेस पूर्वी समुद्राची एक खाडी आत शिरलेली होती. पुढे ती भरून काढली आणि तेथे रस्ता झाला. आज गावातला मोठा बाजार भरतो त्या जागेचे नाव ‘दाराजानी’, म्हणजे पुलापाशी. पुलाच्या अलीकडे दगडी घरे, कोरीव दरवाजे, अरब आणि हिंदी वस्ती. पलीकडे मातीच्या भिंतींची घरे आणि आफ्रिकी कष्टकऱ्यांची वस्ती. तिचे नाव ‘न्गांबो’. या शब्दाचा अर्थच मुळी ‘पलीकडची बाजू’ असा आहे. नाव ठेवणारा कोणत्या बाजूला उभा होता हे वेगळे सांगावयास नको.

अलीकडच्या बाजूला प्रत्येक जमातीची स्वतःची व्यवस्था होती. खोजांचा जमातखाना, बोहऱ्यांची मशीद, हिंदूंची मंदिरे, गोवेकरांचे चर्च. ज्याचा त्याचा क्लब, ज्याची त्याची शाळा. परमुलखात आपली भाषा, आपला धर्म, आपले सण टिकविण्यासाठी हे करावेच लागते. आपणही तेच केले आहे. परंतु काकांनी एक गोष्ट सांगितली ती माझ्या मनातून जात नाही. ते म्हणाले, “न्गांबोचा माणूस मुलीच्या लग्नाला सोने घ्यायला आमच्याकडे येत असे. आम्ही तोलून चोख सोने देत असू. पण त्याच्या मुलीच्या लग्नाला जाऊन आमच्यातले किती जण बसले?”

आपल्या मराठीत म्हण आहे, ‘सोने पाहावे कसून, माणूस पाहावे बसून.’ झांजिबारला सोने कसून पाहण्यात काही कमी राहिले नव्हते. बसून पाहण्याचे मात्र राहून गेले होते. बराझे सर्वत्र होते. परंतु अलीकडचे आणि पलीकडचे एका बराझावर फारसे बसत नव्हते.

१० डिसेंबर १९६३ रोजी ब्रिटिश अंमल संपून सुलतानाचे स्वतंत्र राज्य झाले. त्यानंतर जेमतेम महिन्याने, १२ जानेवारी १९६४ च्या पहाटे, क्रांतीचा उठाव झाला आणि सुलतान बोटीतून निघून गेला. त्या वेळी बेटांची वस्ती सुमारे तीन लाख; तीत अरब पन्नास हजारांच्या आणि हिंदी लोक वीस हजारांच्या आसपास होते. पुढील दिवसांत हजारो माणसे मारली गेली. त्यांत बहुसंख्य अरब होते, काही हिंदीही होते. दुकाने लुटली गेली. एप्रिलमध्ये टांगानिका आणि झांजिबार यांचे एक राज्य झाले. तोच आजचा टांझानिया. घरे, मळे, मालमत्ता सरकारजमा झाल्या, आणि ज्यांना जाणे शक्य होते ते जाऊ लागले. कोणी मस्कतला, कोणी इंग्लंडला, कोणी मुंबई-कच्छला. जुन्या अन्यायाची मुळे दाखविता येतात म्हणून निरपराध माणसाच्या हत्येचे समर्थन होत नाही, हे येथे स्पष्ट म्हटले पाहिजे. बापजाद्यांच्या कर्जरोख्यांची वसुली शेजारच्या दुकानदाराच्या रक्ताने करावयाची नसते.

त्या वर्षी रमजानचा महिना क्रांतीनंतर चार-पाच दिवसांतच सुरू व्हावयाचा होता. ईदेसाठी आणि ईदेनंतरच्या लग्नांसाठी सोनाराकडे कामाची गर्दी असते. काकांच्या वडिलांकडे त्या वेळी अकरा गिऱ्हाइकांचे सोने घडविण्यासाठी आलेले होते. प्रत्येकाच्या सोन्याची कापडी पुडी, तीवर नाव, वजन आणि तारीख. काका तेव्हा चौदा-पंधरा वर्षांचे. घरात निघून जाण्याची भाषा सुरू झाली. भावकीतील लोक म्हणाले, सोने कमरेला बांधा आणि मिळेल त्या बोटीने चला. वादळात कोण हिशेब विचारणार आहे! वडिलांनी वही उघडून पुढे ठेवली आणि म्हणाले, यातले आपले किती आहे ते दाखवा, तेवढे बांधतो.

ते राहिले. गल्लीत धामधूम चालू होती. त्या अकरा जणांत न्गांबोचा एक हमाल होता. बंदरावर लवंगेची पोती वाहणारा. मुलीच्या लग्नासाठी त्याने पै-पै साठवून एक बांगडी करावयास दिली होती. तो येऊन दुकानासमोरच्या बराझावर बसला. चार दिवस तो तेथून हलला नाही. येणाऱ्या-जाणाऱ्या टोळ्यांना तो काय सांगत होता कोण जाणे, पण दुकानाला कोणी हात लावला नाही. काका हसत म्हणाले, “तो स्वतःच्या बांगडीची राखण करीत होता की आमची, हे वडिलांनी त्याला कधी विचारले नाही. पाचव्या दिवशी बांगडी पुरी झाली. ती त्याला दिली, घडणावळ घेतली नाही.”

महिन्याभरात नऊ पुड्या ज्याच्या त्याला पोहोचल्या. दोन राहिल्या. त्या दोन्ही अरब कुटुंबांच्या होत्या. पुढे जप्तीचे दिवस आले, राहते घर सरकारकडे गेले. आता त्याच घरात काका सरकारचे भाडेकरू होते. त्या काळात त्या पुड्या बाजरीच्या पिठाच्या डब्यात असत. १९७० नंतर ओमानच्या नव्या सुलतानाने झांजिबारी अरबांना आपल्या देशात ठाव दिला. त्यांपैकी एका कुटुंबाचा मुलगा १९८० नंतरच्या दशकात, येणे-जाणे काहीसे सुलभ झाल्यावर, आपले जुने घर पाहावयास मस्कतहून आला. काकांच्या वडिलांनी त्याला दुकानात बोलाविले, वहीतील नोंद दाखविली, काटा मांडला आणि पुडी हातात ठेवली. त्या गृहस्थाला असे काही सोने आहे याची वार्ताही नव्हती.

अकरावी पुडी अजून तिजोरीत आहे. काकांनी ती बाहेर काढून दाखविली. गुजराती अक्षरांत एका स्त्रीचे नाव, वजन तोळ्यांत, तारीख जानेवारी १९६४ ची. मी विचारले, “काका, साठ वर्षे होत आली. याचे आता काय करणार?” ते म्हणाले, “साहेब, आमचे नाही एवढे ठाऊक आहे. कोणाला द्यायचे ते ठाऊक नाही. म्हणून ठेवले आहे.” आणि पुडी परत आत गेली. सोन्याचा भाव या साठ वर्षांत कोठल्या कोठे गेला. परंतु त्या पुडीच्या बाबतीत भावाचा प्रश्न त्यांच्या मनात आलेलाच दिसला नाही.

मला या गोष्टीचा बोध फुगवून सांगावयाचा नाही. एका सोनाराच्या सचोटीने क्रांती थांबली नाही. सचोटीचे व्यापारी आणखीही असतील आणि त्यांतले काही लुटले गेले, मारलेही गेले असतील. तरीही माझ्या मनात एक फरक राहून राहून येतो. वहीत चोख असणे एक, आणि आपल्यासाठी कोणी ओट्यावर येऊन बसावे इतके त्याचे असणे दुसरे. पहिले एकट्याच्या बळावर साधते. दुसऱ्याला पिढ्या लागतात, आणि त्यासाठी पूल ओलांडून पलीकडे जावे लागते.

आजचे झांजिबार प्रवाशांवर जगते. मधल्या काळात पडझड झालेल्या जुन्या शहराच्या रक्षणासाठी १९८५ साली मंडळ नेमले गेले, आणि २००० साली युनेस्कोने त्याला जागतिक वारशाच्या यादीत घेतले. तरी जुने दगड थकतातच. सुलतान बर्घाशने १८८३ साली बांधलेल्या आश्चर्यमहालाचा मोठा भाग २०२० च्या डिसेंबरात कोसळला. सोनाराच्या दुकानातही बदल झाला आहे. पुढच्या फळ्यात आता निळ्याजांभळ्या टांझानाइट खड्यांच्या अंगठ्या मांडलेल्या असतात आणि किमती डॉलरमध्ये. हा खडा १९६७ साली किलिमांजारोच्या परिसरात, मेरेलानीच्या टेकड्यांत सापडला. बहुतेक खडे खाणीतून तपकिरी रंगाचे निघतात आणि भट्टीत तापविल्यावर त्यांना तो निळा रंग चढतो. खडा सुंदर, पण हिऱ्यामाणकांच्या मानाने मऊ. रोजच्या वापरात जपावा लागतो. काका प्रत्येक गिऱ्हाइकाला हे सांगतात आणि त्यामुळे निम्मी गिऱ्हाइके जातात, अशी त्यांच्या नातवाची तक्रार. सोन्याचे दागिने तर हल्ली दुबईहून घडवूनच येतात. मेजावर काम उरले ते बहुधा मोडतोडीचे आणि डाक लावण्याचे.

त्या मेजावर मी गेलो तेव्हा एक स्वाहिली तरुण बसलेला होता. न्गांबोचाच. आठ वर्षांपूर्वी तो दुकान झाडावयास आला, आता तार ओढतो, खडे बसवितो, कसोटीची रेघ वाचतो. काकांना तो ‘बाबू’ म्हणतो. स्वाहिलीत बाबू म्हणजे आजोबा. काकांचा नातू फळ्यावर बसून डॉलर मोजतो आणि हा मुलगा मागे बसून सोने तापवितो. त्याला गल्लीतील लोक काय म्हणतात, असे मी विचारले. काका म्हणाले, “काय म्हणणार? सोनारा.”

आपल्या घरचा शब्द आता आपल्या माणसाच्या नावाशी बांधलेला राहिला नाही, याचे कोणाला वाईट वाटेल. मला तसे वाटले नाही. शब्द हस्तकलेसह दुसऱ्याच्या घरी सुखाने नांदू लागला, तर याहून अधिक काय हवे? महाराष्ट्राबाहेर आपली मंडळे आहेत, वाचनालये आहेत, गणेशोत्सव आहेत. ती असलीच पाहिजेत. वडीलधाऱ्यांनी वर्गण्या गोळा करून ती उभारली, म्हणून तर मी आज हे मराठीत लिहितो आहे आणि आपण वाचीत आहात. परंतु आपल्या सभागृहाच्या पायरीवर गुजराती, माळवी, कानडी, तेलुगू शेजारी किती वेळा येऊन बसतो, आणि त्याच्या दारी आपण किती वेळा जाऊन बसतो, याचा हिशेबही अधूनमधून वही उघडून पाहावा. तो हिशेब मांडण्यास संकटाची वाट पाहू नये.

आपल्यापैकी काहींच्या शेजारी पूर्व आफ्रिकेतून परतलेली कुटुंबे राहत असतील. बडोद्यात तर ती पुष्कळ आहेत. त्यांच्या घरी जाऊन थोडा वेळ बसावे आणि तेथील दुकानांच्या, शेजाऱ्यांच्या, निघून येण्याच्या दिवसांच्या आठवणी विचाराव्या. त्या वेळी मुले असलेली माणसे आता साठी-सत्तरी ओलांडून गेली आहेत. त्यांनी सांगितलेले जे आपणांस नोंदविण्याजोगे वाटेल ते संपादकांच्या पत्त्यावर अवश्य पाठवावे. जागा होईल तसतसे ते याच सदरात देण्याचा विचार आहे.